दीड हजार रुपये कुणाचे?

परवा रात्री इशाची नमाज आटोपून घरी येत होतो. इर्ल्याच्या गल्लीत एक आपा मोबाईल हातात घेऊन थांबलेल्या दिसल्या. त्या चार घरची धुणीभांडी करतात. दोन मुलं आणि म्हातारी आई, असं घर त्यांच्यावर चालतं. मोबाईलवर लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसीचं पान उघडलेलं होतं. त्यांचा स्वतःचा आधार क्रमांक टाकून झाला होता, ओटीपीही आला होता. आता ते पान नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागत होतं.

आपांचे वडील परभणीकडे वारले, त्याला बारा वर्षं झाली. नवरा सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेला. तलाक दिला असं तो लोकांना सांगतो, पण कागद दिलेला नाही. कुठे राहतो तेही धड ठाऊक नाही.

"भाई, किसका नंबर डालूँ?" त्यांनी विचारलं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. विधवा, घटस्फोटित आणि वडील हयात नसलेल्या बायकांसाठी सरकारने नंतर सवलत दिली आहे. मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा, मुदत 31 डिसेंबर. पण ज्या बाईला नवऱ्याने टाकलं आणि कागदही दिला नाही, तिने काय द्यायचं? आमच्या मोहल्ल्यात अशा बायका एक-दोन नाहीत. आणि हा प्रश्न फक्त मुसलमान बायकांचाही नाही. टाकलेली बाई प्रत्येक जातीधर्मात आहे आणि तिच्याकडे बहुतेक वेळा कागद नसतो.

हे लिहिताना डिसेंबर 2025 संपत आलाय. पंधरा जानेवारीला मुंबई महापालिकेचं मतदान आहे. पार्ल्यात पूर्वेला नि पश्चिमेला प्रचार सुरू झालाय. नगरसेवकाचा लाडकी बहीण योजनेशी कायद्याने काहीही संबंध नाही, तरी प्रत्येक कोपरासभेत तिचं नाव निघतंय. म्हणून गरिबांना मदत कशी करावी, याविषयी आपले पुढारी नेमका काय विचार करतात, ते एकदा शांतपणे तपासून पाहावं असं वाटलं.

पूर्वेचा मित्र, पश्चिमेच्या बायका

विलेपार्ले हे एक नाव असलं तरी रेल्वेच्या दोन बाजूंना दोन गावं आहेत. पूर्वेला टिळक विद्यालय, लोकमान्य सेवा संघ, व्याख्यानं, नाटकं. पारले बिस्किटांचा कारखानाही तिकडेच होता. 1929 साली सुरू झालेला तो कारखाना 2016 मध्ये बंद झाला आणि त्या भाजक्या बिस्किटांचा वास गेला. पश्चिमेला जुहूच्या बाजूला श्रीमंतांचे बंगले, आणि त्यांच्यात खेटून नेहरूनगरसारख्या वस्त्या. पूर्वेच्या नि पश्चिमेच्या चांगल्या घरांतली भांडी घासणाऱ्या, म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या बायका या वस्त्यांतून येतात.

पूर्वेला माझा एक जुना मित्र राहतो. बँकेतून निवृत्त झालाय. माणूस सज्जन आहे. रमजानात रोजा सोडायला माझ्याकडे येतो, दिवाळीत मी त्याच्याकडे फराळाला जातो. 2024 च्या जुलैमध्ये मी गल्लीतल्या बायकांचे लाडकी बहीणचे अर्ज भरून देत होतो, तेव्हा तो चिडला होता. "अरे, आमच्या कराच्या पैशांवर मतं विकत घेतायत, आणि तू त्यात हमाली करतोयस!"

तेच अर्ज भरताना गल्लीतल्या बायका मला वेगळाच प्रश्न विचारत होत्या. "चुनाव के बाद बंद तो नहीं होगा ना?"

मित्राचा राग आणि बायकांची भीती, या दोन्हींचा उगम एकच आहे असं मला आता वाटतं. हे पैसे कुणीतरी आपल्या मर्जीने देतोय, हे दोघांनाही कळलं होतं. मर्जीने दिलेल्या पैशाबद्दल देणाऱ्याच्या शेजाऱ्याला राग येतो आणि घेणाऱ्याला धास्ती वाटते.

पुढाऱ्यांचं मत खुर्चीबरोबर बदलतं

आधी तारखा पाहू. 16 जुलै 2022 रोजी उत्तर प्रदेशात जालौनला एका द्रुतगती महामार्गाच्या उद्घाटनात पंतप्रधान नरेंद्र मोदींनी 'रेवडी संस्कृती'वर टीका केली. फुकट वाटून मतं गोळा करणं देशाच्या विकासाला घातक आहे, असा त्यांचा सूर होता. पुढच्याच वर्षी मध्य प्रदेशात त्यांच्याच पक्षाच्या शिवराजसिंह चौहानांनी लाडली बहना योजना आणली. महाराष्ट्रात 28 जून 2024 रोजी अर्थमंत्री अजित पवारांनी अर्थसंकल्पात लाडकी बहीण जाहीर केली. दरमहा दीड हजार रुपये, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, वर्षाला 46 हजार कोटींची तरतूद. ऑगस्टमध्ये रक्षाबंधनाच्या तोंडावर पहिले दोन हप्ते जमा झाले.

विरोधकांनी सुरुवातीला तिजोरीची काळजी केली. पैसे कुठून आणणार, हा निवडणुकीचा जुमला आहे, असं सांगितलं. नोव्हेंबरमध्ये त्याच महाविकास आघाडीने वांद्रे-कुर्ला संकुलातल्या सभेत महालक्ष्मी योजनेचं वचन दिलं, दरमहा तीन हजारांचं. महायुतीने आपला आकडा 2,100 वर नेला. म्हणजे भांडण आता रकमेवर आलं. 23 नोव्हेंबरला निकाल लागला आणि महायुतीला 288 पैकी 230 जागा मिळाल्या.

या गोंगाटात वेगळं बोलणारेही होते. नितीन गडकरींनी नागपुरात उद्योजकांना सांगितलं की, लाडकी बहीणसाठी पैसा लागणार असल्याने अनुदान वेळेवर मिळेल याची खात्री धरू नका. राज ठाकरेंनी तिजोरीत पगारालाही पैसे उरणार नाहीत असा इशारा दिला. सत्तेत असलेले संजय शिरसाट, ज्यांच्याकडे सामाजिक न्याय खातं आहे, त्यांनी मे 2025 मध्ये आपल्या खात्याचा निधी लाडकी बहीणकडे वळवल्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यांत गंभीर वाटते. एका गरिबाचा घास काढून दुसऱ्या गरिबाच्या ताटात टाकायचा आणि त्याला औदार्य म्हणायचं, हे चालणार नाही.

निवडणूक झाल्यावर काय झालं तेही पाहा. 2,100 चा आकडा मागे पडला. 2025-26 च्या अर्थसंकल्पात योजनेची तरतूद 36 हजार कोटी झाली. छाननी सुरू झाली. जुलै 2025 मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरेंनी सांगितलं की, 26.34 लाख लाभार्थी अपात्र आढळले असून त्यांचा लाभ थांबवलाय. त्यांत सरकारी नोकर होते, एकाच घरातल्या दोनपेक्षा जास्त बायका होत्या, चक्क पुरुषही होते. खोटे अर्ज वगळायलाच हवेत, याबद्दल दुमत नाही. पण मतदानाआधी अर्ज डोळे झाकून मंजूर करायचे आणि मतदानानंतर चष्मा लावायचा, याला छाननी म्हणत नाहीत.

पुढाऱ्यांमध्ये गरिबीविषयी दोन विचारधारा आहेत आणि त्यांची लढत चाललीय, असं वर्तमानपत्रं वाचून वाटतं. मला तसं दिसत नाही. विरोधात असताना जी रेवडी असते, ती सत्तेत आल्यावर कल्याणकारी योजना होते. खरा फरक कुठे होता, ते बघायला पन्नास वर्षं मागे जावं लागेल.

पगारपत्रकातले दोनशे रुपये

मुंबईत नोकरी केलेल्या प्रत्येकाने पगारपत्रकात 'व्यवसाय कर' ही ओळ पाहिली असेल. दरमहा दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. माझ्या बँकवाल्या मित्राने तो नोकरी संपेपर्यंत भरला. कशासाठी भरतो हे त्याने कधी विचारलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्याला आश्चर्य वाटलं.

1965 साली सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला एक प्रयोग झाला. वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. जो काम मागेल त्याला सरकारने काम द्यावं, अशी त्यांची कल्पना. 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर गेली. खडी फोडायला, नालाबांध घालायला, रस्ते करायला लाखो माणसं आली आणि त्यांत बायकांची संख्या मोठी होती. पुढे 1977 मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागितलं आणि पंधरा दिवसांत मिळालं नाही, तर बेकारी भत्ता द्यायचा, असं कायद्यातच लिहिलं.

या योजनेला पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न तेव्हाही होता. त्यासाठी 1975 मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराच्या कामासाठी दरमहा थोडा वाटा द्यायचा. हे कर्ज काढून केलं नाही, दुसऱ्या खात्याचा निधी वळवूनही केलं नाही. पार्ल्याच्या कारकुनाला सरळ सांगितलं की तुझ्या खिशातून घेतोय. काँग्रेसचं सरकार होतं, समाजवादी आणि कम्युनिस्ट विरोधात होते. ते एकमेकांशी कडाकडा भांडत. पण हमी असावी यावर त्यांच्यात भांडण नव्हतं. विरोधकांची तक्रार असायची ती मजुरी कमी मिळते, कामं वेळेवर निघत नाहीत, मुकादम खातो, याबद्दल.

त्याच काळात पार्ल्यापासून चार स्टेशनं पलीकडे, गोरेगावात, मृणाल गोरे राहत होत्या. 1972 मध्ये त्या, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती काढली. रेशनवर धान्य, तेल, रॉकेल मिळावं म्हणून मुंबईच्या बायका लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत रस्त्यावर उतरल्या. मंत्र्यांना त्या घेराव घालत. त्या मोर्चातल्या बायकांना कुणी लाडकी म्हटलं नाही. किंबहुना त्या सरकारच्या नावडत्याच होत्या. पण रेशन दुकानासमोर उभी राहिलेली बाई स्वतःला कुणाची बहीण म्हणून उभी करत नव्हती. ती नागरिक म्हणून हिशोब मागत होती.

पगारपत्रकातल्या करावर चाललेली हमी आणि रक्षाबंधनाच्या तोंडावर खात्यात पडलेली ओवाळणी, यांत नेमका हा फरक आहे. पैसा दोन्हीकडे जनतेचाच. पहिल्यात मजूर तहसीलदारापुढे जाऊन कायद्याचं कलम दाखवू शकत होता. दुसऱ्यात आपा फक्त विचारू शकतात, "बंद तो नहीं होगा ना?" कारण लाडकी बहीण हा कायदा नाही, तो शासन निर्णय आहे. एका शासन निर्णयाने सुरू झालेली गोष्ट दुसऱ्या शासन निर्णयाने थांबू शकते.

अंतुलेंची गोष्ट, आपल्या घरातली

इथे एक कबुली द्यायला हवी. ओवाळणीची ही रीत आजच्या सत्ताधाऱ्यांनी शोधलेली नाही.

महाराष्ट्राला आजवर एकच मुसलमान मुख्यमंत्री मिळाला. रायगड जिल्ह्यातल्या आंबेतचे बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले. 1980 ते 1982 असा जेमतेम दीड वर्षाचा कार्यकाळ. त्यांनी 1980 मध्ये निराधारांसाठी एक योजना सुरू केली. विधवा, परित्यक्ता, अपंग, ज्यांना कुणी नाही अशांना दरमहा थोडी रोख मदत. देशभर रोख मदतीची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आमच्या कोकणातल्या गावात एक बेवा होती, तिचा चुलीचा खर्च त्या पैशांवर निघायचा. लहानपणी ती 'अंतुलेसाहेबांचे पैसे' म्हणायची आणि आमच्या घरच्यांना त्याचा अभिमान वाटायचा.

पण योजनेचं नाव काय होतं? संजय गांधी निराधार अनुदान योजना. नेत्याचा मुलगा त्याच वर्षी विमान अपघातात गेला होता, त्याचं नाव गरिबाच्या पैशाला दिलं. पुढे अंतुल्यांनी इंदिरा गांधींच्या नावाने प्रतिष्ठानही काढलं आणि त्याच्या देणग्या आणि सिमेंटचं वाटप यांवरून उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर जानेवारी 1982 मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. निराधारांची योजना मात्र टिकली. आजही ती चालू आहे आणि तिच्यातल्या बहुतेकांना मिळणारी रक्कमही आता दीड हजार आहे. ज्या बाईला त्या योजनेतून दीड हजार मिळतात, तिला लाडकी बहीण मिळत नाही.

अंतुले आपले म्हणून त्यांचं काम मोठं आणि नाव देण्याची रीत माफ, असं मी म्हणणार नाही. 'संजय गांधी' हे नाव गरिबाच्या पासबुकावर चालत असेल, तर 'लाडकी बहीण'वर हसण्याचा अधिकार काँग्रेसवाल्यांना नाही. त्या बेवेचे ते 'अंतुलेसाहेबांचे पैसे' नव्हते, तिचेच होते. हे तिला कुणी सांगितलं नाही, आम्हीही नाही.

1995 मध्ये शिवसेना-भाजप युतीने एक रुपयात झुणका-भाकर आणली आणि मुंबईतल्या चाळीस लाख झोपडीवासीयांना मोफत घरं देण्याचं वचन दिलं. 2020 च्या प्रजासत्ताक दिनी उद्धव ठाकरेंच्या सरकारने दहा रुपयांत शिवभोजन सुरू केलं. दोन्ही योजनांनी भुकेल्याला जेवण दिलं, त्याची टिंगल मी करणार नाही. पण सरकार बदललं की केंद्रांचं काय होतं, हे ती केंद्रं चालवणाऱ्यांना विचारा.

जकात आणि रेशनची पिशवी

माझ्या धर्माने मला या बाबतीत एक साधी गोष्ट शिकवली आहे. ज्याच्याकडे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त संपत्ती वर्षभर राहिली, त्याने तिच्यातला अडीच टक्के भाग जकात म्हणून द्यायचा. तो कुणाला द्यायचा याचे आठ वर्ग ठरलेले आहेत, त्यांत फकीर आहे, मिस्कीन आहे, कर्जात बुडालेला आहे. ही खैरात नाही. देणारा मेहेरबानी करत नाही, कारण तो भाग त्याचा नव्हताच, गरिबाचा हिस्सा त्याच्याकडे नुसता अडकून पडला होता. म्हणून घेणाऱ्याने मान खाली घालायची नसते आणि देणाऱ्याने उपकार दाखवायचे नसतात.

आता आपण काय करतो ते बघा. रमजान आला की रेशनच्या पिशव्या वाटल्या जातात. पिशवीवर छापलेला फोटो, मागे बॅनर, रांगेत उभ्या असलेल्या बुरख्यातल्या बायका आणि मोबाईलवर चाललेलं शूटिंग. वाटणारा बहुतेक वेळा कुठल्या तरी पक्षाचा इच्छुक असतो आणि तो आपल्याच समाजाचा असतो. सरकारी योजनेच्या जाहिरातीत तीन नेत्यांचे हसरे चेहरे पाहून आपल्याला राग येतो. मग मोहल्ल्यातल्या पिशवीवरच्या चेहऱ्याचाही यायला हवा.

केंद्रातही तेच घडलंय. 2013 मध्ये संसदेने अन्नसुरक्षा कायदा केला, तेव्हा गरिबाला तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये किलोने मिळण्याचा कायदेशीर हक्क मिळाला. 2023 पासून तेच धान्य मोफत झालं आणि त्यावर पंतप्रधानांच्या नावाची योजना आली. तीन रुपये वाचले हे चांगलंच झालं. पण गल्लीत आज कुणालाही विचारा, धान्य कायद्याने मिळतं असं कुणी म्हणणार नाही. 'मोदी देतात' असं म्हणतील, नाहीतर 'बंद करतील' असं म्हणतील.

आणि या महिन्यातच संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा आणला. शंभराऐवजी 125 दिवसांचं काम देऊ, असं सरकार सांगतं. राज्यांवर चाळीस टक्क्यांचा बोजा टाकलाय आणि किती खर्च करायचा हे केंद्र आधी ठरवणार, म्हणजे मागेल त्याला काम ही गोष्ट संपली, असं विरोधक म्हणतात. पागेंच्या विसापूरपासून निघालेला रस्ता इथवर आलाय. टीव्हीवर मात्र चर्चा झाली ती गांधींचं नाव काढल्याची. नावाचं दुःख मलाही आहे. पण मजुराला नाव खायचं नसतं.

मुसलमानांच्या वाट्याचं काय?

1987 च्या डिसेंबरमध्ये विलेपार्ले विधानसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. शिवसेनेच्या पाठिंब्यावर रमेश प्रभू निवडून आले. धर्माच्या नावावर मतं मागितल्याबद्दल उच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द केली आणि 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. देशभरच्या कायद्याच्या पुस्तकांत पार्ल्याचं नाव गेलं ते त्यामुळे.

2024 च्या नोव्हेंबरमध्ये प्रचारात 'बटेंगे तो कटेंगे' आणि 'व्होट जिहाद' हे शब्द घुमत होते. त्याच महिन्यात त्याच सरकारचे दीड हजार नेहरूनगरच्या, इर्ल्याच्या मुसलमान बायकांच्या खात्यात पडलेले होते. अर्जात धर्म विचारला नव्हता, उत्पन्न विचारलं होतं. ही त्या योजनेची सर्वांत चांगली बाजू आहे आणि ती मोकळेपणाने मान्य करायला हवी. गरिबी हाच निकष ठेवला की तुष्टीकरणाचा आरोप आपोआप गळून पडतो.

पण त्याच काळात जे हक्काचं होतं ते गुपचूप निघून गेलं. सच्चर समितीचा अहवाल 2006 चा. महाराष्ट्रात डॉ. महमूदुर रहमान समिती 2008 मध्ये नेमली, तिने 2013 मध्ये अहवाल दिला. जुलै 2014 मध्ये आघाडी सरकारने पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला. उच्च न्यायालयाने शिक्षणातला भाग तूर्त राहू दिला होता, पण पुढच्या सरकारने त्याचा कायदा केला नाही. आणि ज्यांनी अध्यादेश काढला, त्यांनीही तो ऐन निवडणुकीच्या तोंडावर काढला होता, हे विसरू नये. 2022 मध्ये केंद्राने पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक मुलांची शिष्यवृत्ती बंद केली. त्याच वर्षी मौलाना आझाद फेलोशिपही गेली.

आपांच्या धाकट्या मुलीला ती शिष्यवृत्ती मिळायची. वर्षाला एक हजार रुपये. बंद झाली तेव्हा मोर्चा निघाला नाही. मग दीड हजार महिन्याला आले आणि सगळे खूश झाले. आपांनी त्या पैशांचं काय केलं, ते मला ठाऊक आहे. मुलीच्या शिकवणीची फी, आईची बीपीची गोळी, उरले तर भिशी. उधळपट्टी करतात म्हणणाऱ्यांनी त्यांच्याबरोबर एक महिना काढावा. पण मुलीची फी शिष्यवृत्तीतून निघाली असती, तर ती मुलीच्या नावाने, तिच्या शिकण्याच्या हक्काने निघाली असती. आता ती आईच्या ओवाळणीतून निघते आणि ओवाळणी एका ओटीपीवर अडलीय.

मग हवं काय?

मित्राला मी एवढंच सांगितलं की, तुझा राग निम्मा बरोबर आहे. तिजोरी आटतेय, दलित-आदिवासींचा निधी वळतोय, हे खरं आहे. पण चार घरची भांडी घासणाऱ्या बाईला दीड हजार मिळतात, हे त्या रागाचं कारण असू नये. तुझ्या घरी येणाऱ्या बाईला तू महिन्याला किती देतोस, सुट्टी किती देतोस, आजारपणात पगार कापतोस का, हेही विचार. घरेलू कामगारांसाठी राज्याने 2008 मध्ये कायदा केला. तिची त्यात नोंदणी झालीय का, हे तू तिला कधी विचारलंस? तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "नाही विचारलं." मीही माझ्या घरी येणाऱ्या बाईला विचारलं नव्हतं.

प्रचाराला येणाऱ्या उमेदवाराला, तो कुठल्याही पक्षाचा असो, मी तीन गोष्टी विचारणार आहे. लाडकी बहीण योजनेचा कायदा करायला तुझा पक्ष तयार आहे का, ज्यात अर्ज फेटाळला तर कारण लेखी मिळेल आणि दाद मागता येईल? तिच्यासाठी पैसा कुठून येणार हे व्यवसाय करासारखं उघड सांगणार का, की पुन्हा दुसऱ्या गरिबाच्या खात्यातून वळवणार? आणि नगरसेवक म्हणून जे तुझ्या हातात आहे, ती पालिकेची शाळा, दवाखाना, वस्तीतलं पाणी, त्याबद्दल तू काय करणार? रेशनची पिशवी आणलीस तर फोटो फाडून घेईन.

आपांचं काय झालं, ते सांगून थांबतो. दुसऱ्या दिवशी आम्ही साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र लिहिलं. नवरा सहा वर्षांपासून सोबत राहत नाही, वडील हयात नाहीत, मुलं माझ्याकडे आहेत, असं. वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी परभणीला चुलतभावाला फोन केला. अंगणवाडी सेविकेने कागद घेतला. ती भली बाई आहे, तिच्याकडे असे बरेच कागद जमलेत. "पुढे पाठवते, पण सांगता येत नाही," म्हणाली.

परत येताना आपांनी पुन्हा विचारलं, "मिलेगा ना, भाई?"

मी म्हटलं, "मिलना तो चाहिए, आपा. आपका ही है."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी चुकीचं बोललो.